सहा घरांचे पिस्तूल

वाशीमच्या टॉकीजमध्ये त्या आठवड्यात नायकाच्या पिस्तुलातून एकोणीस गोळ्या सुटत होत्या. हा आकडा ऐकीव नाही. दोन वेगवेगळ्या खेळांना मी वहीत रेघा मारून तो मोजला आणि दोन्ही वेळी एकोणीसच भरला. पिस्तूल सहा घरांचे होते. पडद्यावर ते एकदा इतक्या जवळून दाखवत, की मागच्या बाकावरच्या माणसालाही घरे मोजता यावीत. नायक ते पुन्हा भरताना चित्रपटात कुठेही दिसत नव्हता.

मोजणीचे हे काम मला वर्तमानपत्राने दिले नव्हते. सत्तरचे दशक निम्मे सरले होते, वाशीम हा अकोला जिल्ह्याचा एक तालुका होता आणि मी तिथे एका दैनिकाचा वार्ताहर होतो. पाऊस, पंचायत समितीची सभा, एसटीचा अपघात, एवढ्यावर माझा महिना निघे. गोळ्यांचा आकडा माझ्या वहीत आला तो लग्नाच्या बोलण्यांमुळे.

माझ्या खोलीच्या खाली बंदुका दुरुस्त करण्याचे दुकान होते. दुकानदाराला सगळा बाजार चाचा म्हणे. वय साठीच्या आसपास, नजर शाबूत, बोटे काळी. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी तेव्हा काही शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका असत. मेडशीच्या डोंगराकडचे, रिठदकडचे लोक त्या पोत्यात गुंडाळून चाचांकडे आणत. बहुतेक बंदुका भरमार असत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा चिंधी ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. सरावाच्या माणसालाही याला दीड मिनिट लागते, असे चाचा सांगत. "तेवढ्यात डुक्कर पोटभर खाते, पानी पिते अन् घरी जाते," हेही तेच सांगत.

अशा माणसाने मारामारीचे चित्रपट पाहू नयेत. चाचा एकही सोडत नसत.

बाजाराच्या दिवशी तीनच्या खेळाला ते तिसऱ्या रांगेत बसत आणि पडद्याशी बोलत. नायकाने घोड्यावरून, एका हाताने, न बघता गोळी झाडली आणि दरोडेखोर पडला, की चाचा शेजाऱ्याकडे वळत.

"पाह्यलं? खांदा हालला काय त्याचा? माह्या दुकानातली बंदूक असती तं हा घोड्याच्या मांगं पडला असता."

"चाचा, शिनेमा हाये तो."

"मी कुठी म्हन्तो कीर्तन हाये म्हून?"

धुराबद्दल त्यांची वेगळी तक्रार होती. भरमार बंदूक उडाली की समोर एवढा धूर होतो, की डुक्कर मेले की पळाले ते कळायला वेळ लागतो. उडवणारा आधी खोकतो, मग डोळे पुसतो, मग चार पावले पुढे जाऊन बघतो. चित्रपटात गोळीनंतर लगेच नायक स्वच्छ आवाजात चार वाक्ये बोले. "याच्या घशात काही जातच नाई काय?" चाचा विचारत. त्यांचा सगळ्यात मोठा राग मात्र खलनायकावर असे. तो नायकाच्या छातीला नळी लावून आपले सगळे बेत सांगत बसे. "अबे, बोलायचंच होतं तं बंदूक कायले काढली? चहा मांगव!"

या वाक्याला टाळी पडे. बाजाराच्या दिवशीचे काही लोक चित्रपटापेक्षा चाचांसाठी येतात, असे टॉकीजचे मॅनेजर म्हणत. ते खरे असावे. मी खात्री केलेली नाही.

या टॉकीजचा ऑपरेटर सव्वीस वर्षांचा होता. चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या खोलीत तो एकटाच असे. अकोल्याच्या एका थिएटरात काम शिकून तो गावी परतला होता. त्याच्या घरून चाचांच्या मुलीसाठी लग्नाचा पैगाम गेला होता. मुलीची हरकत नव्हती. तिने ते आईला सांगितले होते आणि आईने चाचांना. चाचांनी तीन महिने उत्तर दिले नव्हते.

कारण त्यांनी एकदा चहाच्या दुकानात सांगितले. माझ्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा सकाळच्या एसटीने तिथे उतरे, म्हणून मी तिथे होतो. ऑपरेटरही होता. कोणीतरी मुद्दामच विषय काढला.

"पोट्टं चांगलं हाये," चाचा त्याच्या तोंडावर म्हणाले, जणू तो तिथे नसून रिसोडला गेला आहे. "दारू नाई, बिडी नाई. पन धंदा पाहा ना. दिवसातून तीन डाव लोकाइले खोटं दाखवते."

"चाचा, मी कुठी दाखवतो? मी फक्त फीत लावतो," ऑपरेटर म्हणाला.

"अन् बत्ती कोन लावते?"

लोक हसले. चाचांना चेव चढला.

"आयक. तुह्या टॉकीजमंदी ज्या दिवशी सहा घराच्या पिस्तुलातून सहाच गोळ्या सुटतीन, त्या दिवशी मी तारीख काढतो. जबान हाये माही."

लोक पुन्हा हसले. चाचाही हसले. ऑपरेटर हसला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि विचारले, "सातवी सुटली नाई पाह्यजे. एवढंच ना?"

"एवढंच."

"मोजीन कोन?"

चाचांनी दुकानात नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. "हे पेपरवाले भाऊ मोजतीन. याइले सवय हाये, अपघातातले मेलेले मोजायची."

अशा रीतीने मी वही घेऊन टॉकीजमध्ये गेलो आणि एकोणीस हा आकडा घेऊन परत आलो. चाचांना तो सांगितला तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "बावीस असतीन, मले वाटलं." मुलगी दुकानाच्या मागच्या भागात बंदुकीच्या लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चोळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अब्बा, एक दिवस तुमचं बोलनंच तुमच्यावर फुटीन."

"माहं बोलनं भरलेलं नसते, बेटा. नुसता आवाज असते."

"टॉकीजवाल्याइले कोनी सांगतलं काय तसं?"

चाचा एका नळीत डोळा घालून बसले.

बाजाराच्या दिवशी सकाळी ऑपरेटरने मला यंत्राच्या खोलीत बोलावले. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक सुतळी बांधलेली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फितीचे तेरा तुकडे टांगलेले होते. प्रत्येकाला पेन्सिलीने आकडा घातलेली कागदाची पट्टी होती.

"एकोनीसातून तेरा गेल्या. किती राह्यल्या?"

"सहा."

"लिहा वहीत."

तुकडे मला वाटले त्यापेक्षा लांब होते. कारण त्याने सांगितले. फितीवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. आवाज वीस चौकटी पुढे छापलेला असतो, म्हणजे जवळजवळ सव्वा फूट. नुसते चित्र कापले तर पिस्तूल जाते आणि धडाका मागे राहतो. म्हणून त्याने दोन्हींना पुरेल एवढे कापले होते. कोणत्या सहा गोळ्या ठेवायच्या याचाही त्याने विचार केला होता. ज्यांत धूर दिसतो अशा सहा त्याने निवडल्या. चाचांच्या धुराच्या तक्रारी त्याने खोलीच्या भिंतीतल्या, पडद्याकडच्या भोकातून कैक बाजाराच्या दिवशी ऐकल्या होत्या.

चित्रपटाची पेटी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुढच्या गावाला जायची होती. तेथे वितरकाचा माणूस फीत तपासून घेई. ती आखूड भरली तर ऑपरेटरची नोकरी जाई. त्याचे काय, असे मी त्याला विचारले.

"सहाच्या खेळाच्या आधी परत जोडून टाकतो ना, भाऊ. फक्त तीनचा खेळ असा दाखवायचा हाये. एका मानसासाठी."

"बाकीचे चारशे प्रेक्षक?"

"त्याइले पोरगी नाई मांगायची मले."

तीनच्या खेळाला चाचा तिसऱ्या रांगेत बसले आणि मला शेजारी बसवले. चित्रपटाचे शेवटचे रीळ येईपर्यंत सगळे नेहमीसारखे चालले. मग खडकाळ मैदान आले, नायक घोड्यावरून उतरला आणि त्याने पिस्तूल काढले. चाचांनी उजव्या हाताची बोटे मांडीवर ठेवली. मी पेन्सिल काढली.

पहिली गोळी. धूर दिसला. चाचांनी एक बोट दुमडले. दुसरी, तिसरी. जोड इतके सफाईचे होते की पडद्यावर कुठे उडी जाणवली नाही. चौथ्या गोळीला चाचांचे बोलणे थांबले. पाचवीला त्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिले. सहावी गोळी खलनायकाच्या छातीत बसली. तो पडला, नायकाने आकाशाकडे पाहिले, संगीत सुरू झाले. सातवी गोळी सुटली नाही.

अट पुरी झाली होती. माझ्या वहीत सहा रेघा होत्या.

अडचण अशी, की ऑपरेटरने गोळ्यांचा बंदोबस्त केला होता, मेलेल्यांचा केला नव्हता. चित्रपटात पिस्तूल उडवणारा नायक एका शॉटमध्ये असे आणि पडणारा माणूस पुढच्या शॉटमध्ये. गोळ्या गेल्या, पण माणसे पडत राहिली. एक दरोडेखोर कड्यावर नुसता उभा होता. त्याने छातीवर हात ठेवला आणि तो खाली गेला. दुसरा घोड्यावरून येताना, नायक अजून दुसरीकडेच बघत असताना, आपल्या मनाने घसरला. तिसरा खडकाच्या आड लपलेला होता. त्याच्याकडे कोणी वळलेही नव्हते. तो बाहेर आला, पाठीत वाकला आणि मेला.

चाचांनी दुसऱ्या हाताच्या पेरांवर मेलेलेही मोजले होते.

"भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "गोळ्या सहा. मुडदे नऊ."

मी वही पाहिली. मुडदे मी मोजले नव्हते. ते काम माझ्यावर सोपवलेलेच नव्हते.

"पह्यले गोळ्या जास्त होत्या, मानसं बरोबर होते," चाचा म्हणाले. "आता गोळ्या बरोबर झाल्या तं मानसं जास्त मेले. हे तं अजूनच खोटं झालं."

तोपर्यंत मागून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. टॉकीजमधले निम्मे लोक हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहत होते आणि त्यांना तेरा गोळ्या कमी मिळाल्या होत्या. "फीत कापली!" असा ओरडा झाला. कोणीतरी बाकावर उभे राहून "आमच्या गोळ्या वापस द्या!" म्हणाले. मॅनेजर जिन्याने वर पळाले. चाचा बसल्या जागेवरून वर, यंत्राच्या खोलीच्या भोकाकडे बघत राहिले. मग ते उठले. मीही उठलो.

वर मॅनेजरांचा आवाज चढलेला होता. सुतळीवरचे तुकडे त्यांनी पाहिले होते.

"उद्या पेटी जायची हाये! काहून कापली? कोनासाठी कापली? आताच्या आता वितरकाच्या मानसाले फोन लावतो. तू घरी जाय!"

ऑपरेटर भिंतीला टेकून उभा होता. त्याने चाचांचे नाव घेतले नाही. चाचा दारात येऊन उभे राहिले तेव्हाही त्याने त्यांच्याकडे पाहिले नाही.

चाचांना तेव्हा काय झाले असावे, याचा अंदाज बांधायची मला गरज नाही. ते आत आले आणि स्वतः बोलले.

"मॅनेजर साहेब, फोन ठेवा. हे म्या सांगतलं होतं."

"तुमी?"

"मजाकीत बोललो होतो. हा पोट्टा खरं समजला." मग ते ऑपरेटरकडे वळले. "अबे, तुले समजलं नाई काय मजाक होती म्हून?"

"समजलं होतं," ऑपरेटर म्हणाला. "पन तुमी जबान देल्ली होती."

मॅनेजरांनी घड्याळ पाहिले. सहाचा खेळ अर्ध्या तासावर आला होता. "लढाईचं रीळ शेवटचं हाये," ते म्हणाले. "ते लागायच्या आत सगळं होतं तसं झालं तं मी काही पाह्यलं नाई. नाई झालं तं मी फोन करतो." आणि ते खाली गेले.

तेरा तुकडे म्हणजे सव्वीस जोड. ऑपरेटरने पहिले चार जोड माझ्यादेखत केले. फितीच्या टोकावरचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, ब्लेडने खरवडायचा, पण खालची फीत कापली जाऊ द्यायची नाही. त्यावर ब्रशने सोल्युशनचा, म्हणजे फीत चिकटवायच्या द्रवाचा, एक थेंब, दोन टोके भोकांना भोक जुळवून एकमेकांवर ठेवायची आणि दाबून धरायची. एवढ्यात सहाची वेळ झाली आणि तो यंत्राकडे गेला. उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या दर थोड्या वेळाने पुढे सरकवाव्या लागत, दर रिळाला एका यंत्रावरून दुसऱ्यावर जावे लागे. दोन्ही कामे एकट्याने होणार नव्हती. त्याने सुतळीकडे पाहिले, मग दाराकडे.

चाचांनी कोट काढून खिळ्याला अडकवला. "ब्लेड दे," ते म्हणाले.

पहिला जोड त्यांनी बिघडवला. दुसरा बरा झाला. तिसऱ्यापासून त्यांनी ऑपरेटरला विचारणे बंद केले. चाळीस वर्षे ज्या बोटांनी नळीची चीर शोधली होती, ती बोटे फितीवर फिरवून ते मसाल्याची जाडी ओळखू लागले. ऑपरेटरने आधी केलेला एक जोड त्यांनी दिव्यासमोर धरला, अंगठा त्यावरून दोनदा फिरवला आणि विचारले, "हा तुहा हाये?"

"हो."

"लागत नाई हाताले."

चाचा दुसऱ्याच्या कामाबद्दल यापेक्षा जास्त बोललेले मी ऐकले नव्हते.

मध्येच त्यांनी दोन तुकडे जुळवून पाहिले आणि त्यांचा हात थांबला. "हे काय बे? इथं गोळी दिसून राह्यली, अन् तू म्हन्तो आवाज पह्यलेच होऊन गेला?"

ऑपरेटरने यंत्राजवळून सांगितले. यंत्रात चित्र वर दिसते आणि आवाज खाली वाचला जातो. म्हणून आवाजाला फितीवर आधी निघावे लागते, तेव्हा कुठे पडद्यावर दोघे एकदम पोचतात.

चाचांनी हे दोनदा वदवून घेतले. "बंदुकीत उलटं हाये," ते म्हणाले. "वावरात लांब कोनी बंदूक उडवली तं उजेड पह्यले दिसते, आवाज मांगून येते. अन् तुमी आवाजाले पह्यले धाडता, म्हून लोकाइले दोन्ही संगं भेटते." ते काही वेळ हातातल्या फितीकडे बघत राहिले. "कोनं काढलं असन हे? अक्कलवाला मानूस दिसते."

"हेच तं काम हाये आमचं, चाचा."

"मले वाटलं नुसती बत्ती लावता."

शेवटचे रीळ लागायला काही मिनिटे उरली असताना सव्विसावा जोड झाला. घाईत एक चूक राहिली. अकरा आणि बारा हे तुकडे उलटसुलट लागले होते, आणि बाराच्या शेपटाला, आवाजासाठी जादा कापलेल्या भागात, पुढच्या पडणाऱ्या माणसाच्याही काही चौकटी होत्या. त्यामुळे सहाच्या खेळाला एक दरोडेखोर घोड्यावरून पडला, क्षणभराने पुन्हा घोड्यावर दिसला आणि पुन्हा पडला. खाली टाळ्या पडल्या. कोणीतरी "वन्स मोअर" म्हटले. पुढच्या गावीही ते तसेच दाखवले गेले असावे. तिथून तक्रार आल्याचे ऐकिवात नाही.

चाचांनी ते रीळ यंत्राच्या खोलीच्या भोकातून पाहिले. आपण जोडलेली गोळी आली की ते भोकाला अधिक चिकटत. नायकाने सातवी गोळी झाडली, आठवी, नववी. धूर नव्हता, खांदा हलत नव्हता. चाचा काही बोलले नाहीत. एकोणिसावी सुटल्यावर त्यांनी भोक सोडले आणि कोट घातला.

"मेलेले नऊच ना?" त्यांनी मला विचारले.

"एक दोनदा मेला."

"तो मोजू नोका."

मग ते ऑपरेटरकडे वळले. तो कार्बनची कांडी बदलत होता आणि त्याची पाठ चाचांकडे होती.

"अट काही पुरी झाली नाई तुही," चाचा म्हणाले. "सहा गोळ्यात नऊ मानसं मरत नाईत."

"नाई," ऑपरेटर म्हणाला. त्याने मागे वळून पाहिले नाही.

"म्हून अट वापस घेतली म्या. ते भरलेली बंदूक पोत्यात ठेवल्यासारखं होतं." त्यांनी कोटाची बटणे लावली. "तुह्या अब्बाइले जुम्म्याच्या नमाजीनंतर घरी धाड. अन् तू बी ये. माह्या एका गिऱ्हाइकाच्या बंदुकीचा घोडा ढिला हाये. तुहे बोटं बारीक हायेत."

आम्ही दुकानावर पोचलो तेव्हा मुलगी ते बंद करायच्या फळ्या लावत होती. चाचांच्या हाताला सोल्युशनचा तीव्र वास येत होता. तिने तो ओळखला की नाही, सांगता येत नाही. तिने एवढेच विचारले, "अब्बा, किती गोळ्या सुटल्या?"

"एकोनीस," चाचा म्हणाले. "बराबर हायेत."

तिने उरलेली फळी माझ्या हातात दिली आणि आईला सांगायला आत गेली.